सोळाच्या जागी सतरा: बँडच्या बिघडलेल्या फायली

तुळशीचं लग्न झालं की आमच्या सुपाऱ्या सुरू. त्याच्या चार दिवस आधी भाच्यानं कॉम्प्युटरवर म्यूझस्कोर या सुरावट लिहायच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती ३ च्या जागी ४ चढवली आणि रात्री वडगावातनं फोन, "मामा, भैरवीची फाईल करप्ट म्हणून दाखवायलंय. आता काय करायचं?"

म्हटलं, काही करू नकोस. हात काढ माऊसवरचा.

मी मराठा लाइट इन्फंट्रीच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचो, पचमढीला स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, शिकलो. आता गावातल्या १४ जणांच्या बँडचे पार्ट लिहून देतो. बेळगाव म्हणजे पेटीवाल्यांचं गाव, रामभाऊ विजापुरेंचं. इथं वहीत सरगम लिहून सगळ्यांचं भागतं, पण आमचं नाही भागत. बी फ्लॅट क्लॅरिनेटवाल्यानं 'सी' वाचून वाजवला की कानावर 'बी फ्लॅट' येतो. प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा, म्हणून हा सॉफ्टवेअरचा खटाटोप.

तर फाईल बिघडली की पहिलं काम: अख्ख्या फोल्डरची कॉपी दुसरीकडे ठेवा आणि जे काय करायचं ते त्या कॉपीवरच. जुनी फाईल नव्या आवृत्तीत उघडून तिथंच सेव्ह केली, की ती जुन्या आवृत्तीत परत उघडत नाही. भाच्यानं घाबरून दोन फायलींचं तेच केलं होतं.

मग बिघाड कसला आहे ते बघा. सूर बरोबर आहेत, पण ओळी सरकल्यात, पानं वाढलीत, वाद्यांचा आवाज वेगळा येतो? ही फाईल करप्ट नव्हे. नवी आवृत्ती मांडणी आपल्या पद्धतीनं करते, एवढंच. मराठी बोलांच्या जागी चौकोन दिसले तर फॉन्ट बदलून निर्मला किंवा मंगल लावा. अर्धी रडारड इथंच संपते.

खरा करप्टचा संदेश आला तर लगेच बंद करू नका. तपशील उघडून वाचा. कितवा बार (दोन उभ्या रेघांमधला तालाचा एक खण), कुठली ओळ, किती मात्रा हव्या होत्या आणि किती सापडल्या, सगळं तिथं लिहिलेलं असतं. आमच्या भैरवीत ३७ वा बार, युफोनियम या पितळी वाद्याची ओळ: हवे ४/४, म्हणजे १६/१६, सापडले १७/१६. म्हणजे सोळाच्या जागी सतरा! तीनतालात एखाद्यानं असं केलं असतं तर तबलजीनं समेवरच धरला असता. कॉम्प्युटरला मात्र मोजून सांगावं लागतं. सुरुवातीला समेआधीच्या उचलीचा अर्धा बार असेल तर आकडा एकानं पुढं-मागं होऊ शकतो, शेजारचे बारही तपासा.

मग संदेशातलं 'तरीही उघडा' निवडून फाईल उघडायची. त्या ओळीतला तेवढाच बार निवडायचा, टूल्समधे व्हॉइसेसमधे जाऊन पहिला आणि दुसरा व्हॉइस (एकाच ओळीतले सुरांचे दोन थर) अदलाबदल करायचा. मग परत तीच अदलाबदल. बऱ्याचदा बार रिकामा होऊन नीट विश्रामचिन्ह येतं, सूर मात्र पुन्हा भरायचे. एवढ्यानं नाही सुधारला तर कंट्रोल आणि डिलीट दाबून अख्खा बार काढा, इन्सर्टनं नवा घाला. हा उपाय सगळ्या वाद्यांचा तो बार खातो, म्हणून आधी कागदावर उतरवून घ्या. बिघडलेला बार कॉपी करून दुसरीकडे चिकटवू नका, रोग सोबत जातो. आम्हाला ३७ व्या बारचा जुना कागदी पार्ट युफोनियमवाल्याच्या ट्रंकेत सापडला. तेलाचा डाग पडला होता, पण सूर वाचता आले.

फाईल उघडतच नसेल तर लपवलेला बॅकअप शोधा. विंडोजमधे लपलेल्या वस्तू दाखवा असं करा. आवृत्ती ४ फायलीशेजारी 'डॉट एमएससीबॅकअप' नावाचं फोल्डर ठेवते. आतल्या फायलीच्या नावाशेवटी तरंगासारखी खूण असते, ती कॉपी करून खूण पुसा. आवृत्ती ३ मधे बॅकअप त्याच फोल्डरात, नावाशेवटी स्वल्पविराम. तोही असाच पुसायचा.

माझ्या तीन फायली शून्य केबीच्या, म्हणजे रिकाम्या निघाल्या. दोष नव्या आवृत्तीचा नव्हे, माझाच. लाईट गेल्यावर पेन ड्राइव्ह तसाच ओढला होता. त्यातल्या दोन बॅकअपमुळं परत आल्या, एक गेली ती गेलीच.

आणखी एक युक्ती. म्यूझस्कोरची 'एमएससीझेड' फाईल म्हणजे बांधलेलं गाठोडं, झिप. कॉपीच्या नावाशेवटी एमएससीझेडच्या जागी झिप लिहून गाठोडं सोडून बघा. आतली 'एमएससीएक्स' ही खरी सुरावट, ती कधी कधी एकटी उघडते.

हेही नाही जमलं तर जुनी आवृत्ती ३ पुन्हा बसवा. ३ आणि ४ एकाच कॉम्प्युटरवर बिनभांडण राहतात. जी फाईल ४ मधे सेव्ह केलेली नाही ती तिथं उघडायची, म्यूझिकएक्सएमएल (सुरावटीची सगळ्या सॉफ्टवेअरना चालणारी फाईल) म्हणून काढायची आणि ती ४ मधे घ्यायची. पानाची सजावट थोडी जाते, सूर राहतात. आमचे नंदगडच्या वरातीचे पार्ट असेच वाचले.

ज्यांच्याकडे फिनाले या सुरावट लिहायच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या फायली असतील त्यांनी लगीनसराईची वाट बघू नये. ऑगस्ट २०२४ मधे त्याचं पुढचं काम थांबल्याचं कंपनीनं जाहीर केलं. कॉम्प्युटरवर अजून चालतंय तोवर एकेक फाईल उघडून म्यूझिकएक्सएमएल आणि पीडीएफ दोन्ही काढून ठेवा. आम्ही आता म्यूझस्कोरचंही तेच करतो, आणि पीडीएफ छापून युफोनियमवाल्याच्या ट्रंकेत.