ओशा ५००चा अर्ज: पाच वर्षं कागदावर कशी मांडायची

ओशा म्हणजे कामाच्या जागेवरची सुरक्षितता पाहणारी अमेरिकेची सरकारी संस्था. तिचे सुरक्षेचे वर्ग शिकवणारा ट्रेनर व्हायचं तर करावा लागणारा एक कोर्स म्हणजे ओशा ५००. त्यासाठीचा माझा पहिला अर्ज आठवड्याभरात परत आला. अनुभवाच्या रकान्यात मी लिहिलं होतं, 'साइट इंजिनिअर, सात वर्षं'. त्यावर विचारणा आली, की यात सुरक्षेचं काम नेमकं कोणतं? असा राग आला म्हणून सांगू! सात वर्षं अमेरिकेतल्या साइटवर चिखल तुडवलाय आणि हे मलाच विचारतात. रात्री अर्ज पुन्हा वाचला तेव्हा कळलं, त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी हुद्दा लिहिला होता, काम लिहिलंच नव्हतं.

अटी थोडक्यात सांगते. बांधकामातल्या लोकांना ओशाचे दहा आणि तीस तासांचे वर्ग शिकवायचे तर ओशा ५०० करावा लागतो. कारखाने, गोदामं, हॉस्पिटलं वगैरे 'जनरल इंडस्ट्री'साठी ५०१. हे कोर्स ओटीआय (ओशा ट्रेनिंग इन्स्टिट्यूट) एज्युकेशन सेंटरं घेतात, आणि प्रवेश देण्याआधी पात्रतेचा फॉर्मही तीच तपासतात. त्यांना दोन गोष्टी हव्या असतात: त्या क्षेत्रातला सुरक्षेचा पाच वर्षांचा अनुभव, आणि गेल्या सात वर्षांत केलेला ओशाच्या मानकांचा (सुरक्षेच्या नियमांचा) कोर्स. ५००साठी ५१०, ५०१साठी ५११. तीस तासांचा वर्ग केल्यावर मिळणारं कार्ड म्हणजे ५१० नव्हे. ते कार्ड जोडून 'झालं की माझं' म्हणणारे मला आजही भेटतात.

'त्या क्षेत्रातला' हा शब्द नीट वाचा. बांधकामाचे नियम ओशाच्या नियमावलीच्या भाग क्रमांक १९२६मध्ये आहेत, जनरल इंडस्ट्रीचे १९१०मध्ये, आणि दोन्हींचे आकडेसुद्धा वेगळे. पडण्यापासून संरक्षण बांधकामात साधारण सहा फुटांपासून लागतं, जनरल इंडस्ट्रीत चार. गोदामातली तीन वर्षं आणि इमारतीवरची दोन यांची बेरीज करून ५००ला जाऊ नका.

आता मुख्य काम. एक वही घ्या आणि प्रत्येक नोकरी महिन्यांत मोडा: कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, त्यात सुरक्षेचं काय केलं, आणि ते खरं आहे असं कोण सांगेल. तिसरा रकाना रिकामा राहिला तर तिथे पेन्सिलीनं खूण करा, त्याकडे नंतर वळू. माझ्या सात वर्षांतली सुरुवातीची पावणेदोन वर्षं निव्वळ मोजमापं आणि बिलं यांत गेली होती. ती मी स्वतःच कापली. उरली पाच वर्षं तीन महिने. काठावर पास, पण प्रत्येक महिन्याला उत्तर होतं.

मग वाक्यं. 'कामगारांच्या सुरक्षेकडे लक्ष दिलं' यातून तपासणाऱ्याला काहीच कळत नाही. मी दुसऱ्यांदा लिहिलं ते असं: 'काम सुरू होण्याआधी रोज आणि पाऊस पडून गेल्यावर चरांची तपासणी केली. पाच फूट वा त्याहून खोल चरात ट्रेंच बॉक्स बसल्याशिवाय माणूस उतरू दिला नाही. दर सोमवारी टूलबॉक्स टॉक घेतला, हजेरी साधारण पंधरा.' (ट्रेंच बॉक्स म्हणजे चराच्या भिंती कोसळल्या तरी आतला माणूस वाचावा म्हणून बसवलेली चौकट, आणि टूलबॉक्स टॉक म्हणजे साइटवरच घेतलेली सुरक्षेची छोटी बैठक.) यात एकही विशेषण नाही, आणि सेंटरनं पुन्हा एकही प्रश्न विचारला नाही.

ही वाक्यं आठवणीतून येत नाहीत, कागदातून येतात. गॅरेजमधल्या खोक्यात मला चराच्या तपासणीचा एक जुना तक्ता सापडला. कॉफीच्या कपाचा गोल डाग, आणि खाली माझ्याच घाईच्या अक्षरात: 'पावसानंतर पुन्हा पाहिलं. पूर्वेच्या कडेला भेग. माणसं बाहेर काढली, ११.४०.' पुढे माझी सही. मी तो प्रसंग साफ विसरले होते. असे दोन-तीन कागद जोडले तरी पुरे, गठ्ठा नको. एक मात्र सांभाळा: हे कागद कंपनीचे असतात. परवानगी विचारा, आणि हजेरीपटावरची कामगारांची नावं झाकूनच प्रत काढा.

आता ती पेन्सिलीची खूण. एचआरकडून मिळणाऱ्या पत्रात सहसा रुजू कधी झालात, सोडलं कधी आणि हुद्दा काय, एवढंच असतं. म्हणून काम डोळ्यांनी पाहिलेला माणूस शोधा. मी माझ्या जुन्या सुपरिटेंडंटना फोन केला. ते म्हणाले, "लिहितो की. मेहनती, प्रामाणिक, असं लिहू ना?" म्हटलं, "ते राहू द्या, चरांचं लिहा." तारखा आणि कामं मीच मुद्देवार पाठवली. त्यांनी दोन दुरुस्त केल्या, कारण एका साइटचं वर्ष मी चुकीचं धरलं होतं. कंपनीच बंद पडली असेल तर डब्ल्यू-२ फॉर्मवरून (मालकानं दिलेला वर्षाच्या पगाराचा आणि कराचा दाखला) तिथे नोकरी केल्याचं तरी दाखवता येतं (सोशल सिक्युरिटी नंबर झाकून), पण काम काय केलं ते सांगायला जुना सहकारी लागतोच.

पाच वर्षं भरत नसतील तर एक सवलत आहे. मान्यताप्राप्त कॉलेजची ऑक्युपेशनल सेफ्टी अँड हेल्थमधली पदवी, किंवा सीएसपी (सर्टिफाइड सेफ्टी प्रोफेशनल) वा सीआयएच (सर्टिफाइड इंडस्ट्रियल हायजिनिस्ट) हे प्रमाणन असेल, तर ते दोन वर्षांच्या अनुभवाऐवजी चालतं. माझी सिव्हिलची पदवी इथे काही कामाची नव्हती.

आणखी एक, खास आपल्या बायकांसाठी. माझं ५१०चं सर्टिफिकेट माहेरच्या आडनावाचं, अर्ज सासरच्या. सोबत लग्नाचा दाखला जोडला आणि एका ओळीत खुलासा लिहिला. पुरुषांनीही मधलं नाव कुठे आहे, कुठे गाळलंय ते एकदा पाहावं. सर्टिफिकेटवरची तारीखही तेव्हाच बघून घ्या. सात वर्षं उलटली असतील तर ५१० पुन्हा करण्याला पर्याय नाही.

सेंटरकडून पात्र असल्याचं लेखी येईपर्यंत विमानाचं तिकीट काढू नका, रजाही टाकू नका. मी पहिल्या वेळी दोन्ही केलं होतं. रजा परत मिळाली, तिकिटाचे पैसे गेले.

कोर्स पास झालात की ट्रेनर म्हणून मिळणारी मान्यता चार वर्षांची असते. ती संपायच्या आत बांधकामवाल्यांनी ५०२ आणि जनरल इंडस्ट्रीवाल्यांनी ५०३ हा अपडेट कोर्स करायचा. मी ती तारीख त्या खोक्याच्या झाकणावरच मार्करनं लिहून ठेवली आहे.