मे महिन्यात एकट्याने कुर्डी कशी पाहावी

गोव्यातल्या ‘भुताच्या जागा’ शोधणारे बहुधा कासावलीच्या तीन राजांच्या कपेलापाशी गाड्या घेऊन जातात आणि आरडाओरडा करून परततात. तिथे भूत असलंच तरी एव्हाना कंटाळलं असेल. अंगावर खरोखर काटा यायला हवा असेल तर मे महिन्यातला एखादा कामाचा वार निवडा, एकटेच निघा आणि दक्षिण गोव्यातल्या सांग्याच्या वाटेला लागा. रात्री नव्हे, दिवसाउजेडी.

महिना मे का? कुर्डी गाव १९८६ पासून साळावली धरणाच्या पोटात आहे. पाणी खूप उतरलं की तो वर येतो, पाऊस लागला की परत बुडतो. रविवार शक्यतो टाळा. गावचे जुने लोक सोमेश्वराच्या उत्सवाला याच महिन्यात जमतात. तो दिवस त्यांचा, तेव्हा गर्दी आणि गप्पा असतात.

मडगावात भाजी-पाव खाऊन सातच्या आत निघा. स्वतःची दुचाकी हवी, कारण आतल्या वाटांवर बसच्या भरवशावर राहता येत नाही. केप्यात पेट्रोल भरा. दोन लिटर पाणी, टोपी, चांगली बॅटरी आणि पकड असलेले बूट घ्या. कुठून कुठे जाताय आणि किती वाजता परतणार, ते घरी कुणालातरी सांगा. पुढे फोनला रेंज मिळेलच असं नाही. नकाशा आधीच उतरवून ठेवा.

पहिल्यांदा रिवण ओलांडून उसगाळीमळ. कुशावतीच्या काठावर जांभ्या दगडाच्या सपाट पाठीवर बैल, हरणं, माणसं आणि एक मोठं चक्रव्यूहासारखं वर्तुळ कोरलेलं आहे. शंभराहून जास्त आकृत्या आहेत आणि अभ्यासकांचं लक्ष तिकडे गेलं ते १९९३ मध्ये. सकाळी लवकर जायचं ते तिरप्या उन्हासाठी. डोक्यावर सूर्य आला की रेषा दगडात विरून जातात. दगडावर खडूने काही गिरवू नका, बूट काढूनच चाला.

ऊन तापलं की मागे रिवणला या आणि गुहांमध्ये शिरा. गावात त्यांना ‘पांडवांच्या गुहा’ म्हणतात, जाणकार बौद्ध गुहा मानतात. वाकून आत जायचं, बॅटरी आधी आणि पाय नंतर. वटवाघळं उडतात, तेवढं धरून चाला. पुढची जमीन दिसत नसेल तर तिथूनच परत फिरा. एकटं असताना एवढा एक नियम मोडायचा नाही.

तीनच्या सुमाराला कुर्डी. वाटेत एका बागायतदाराला रस्ता विचारला तर त्याने मला खालपासून वर न्याहाळलं. “एकटोच? राखणदाराक सांगून वच.” म्हणजे गाव राखणाऱ्या देवचाराला सांगून जा. देवचारावर विश्वास असो-नसो, मी मनातल्या मनात सांगून टाकलं.

खाली उतरलात की आधी घरांचे चौथरे दिसतात, मग झाडांचे काळे खुंट. एका अंगणात तुळशीवृंदावन होतं, आत तुळशीच्या जागी सुकलेला, भेगाळलेला चिखल. त्यात शिंपले. वारा पडला की स्वतःच्या बुटांचा आवाजही नकोसा होतो. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर याच गावच्या, १९०४ सालचा त्यांचा जन्म. इथल्या शांततेत ते आठवलं की जास्तच चमत्कारिक वाटतं.

भेगाळलेल्या जमिनीवर चाला, चकाकणाऱ्या चिखलात नको. वरून वाळलेला दिसला म्हणून मी पाय टाकला आणि पोटरीपर्यंत रुतलो. ओढून काढायला कुणी नव्हतं. शेवटी आडवा होऊन, बूट तिथेच सोडून सरपटत बाहेर आलो. तेव्हापासून काठी नेतो. प्रत्येक पावलाआधी टोचून बघायचं. विटा, कौलं, भांड्यांचे तुकडे उचलू नका. धरणामुळे वाडे आणि वालकिणी या गावांना उठून गेलेल्यांची ती घरं आहेत.

ऊन कलायच्या आत निघा. परतीच्या वाटेवर साळावली धरणापाशी कुर्डीचंच महादेवाचं देऊळ आहे. गाव बुडण्याआधी त्याचे दगड सुटे करून इथे आणून पुन्हा जुळवले. पाचला कुर्डी सोडलीत तर तेही उजेडात पाहून होतं.