कांदा चाळीत सेन्सर लावायच्या कामात येताय? आधी वजनकाटा बघा

पायथॉन येतं, ईएसपी-32 या छोट्या कंट्रोलर चिपवर कोड चढवता येतो, डॅशबोर्ड बनवता येतो, असं धरून चालतो. शेतमालाची नासाडी कमी करण्याच्या कामात शिरायला तेवढं पुरतं, टिकायला पुरत नाही. मी नाशिक-नगर पट्ट्यात उन्हाळ कांद्याच्या चाळींवर, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडवर, काम करतो, त्यामुळे सगळं कांद्यातूनच सांगणार. टोमॅटो-डाळिंबवाल्यांनी आपापलं जुळवून घ्यावं.

उन्हाळ कांदा मार्च ते मे दरम्यान निघतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत चाळीतून विकला जातो. तेवढ्या काळात तिसरा हिस्सा गेला तरी शेतकरी फार आश्चर्य करत नाही. प्रत्येक स्टार्टअपच्या पहिल्या स्लाइडवर हाच तिसरा हिस्सा असतो, आणि मला ज्या सापळ्याने धरलं तो तिथेच आहे. त्यावर जरा जास्तच बोलणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

समजा 100 क्विंटल कांदा चाळीत भरला आणि 70 क्विंटल विकला. मधले 30 क्विंटल म्हणजे एकच नासाडी नव्हे. त्यातलं मोठं माप निव्वळ पाण्याचं असतं: मे महिन्याच्या झळांनी कांदा सुकतो, हलका होतो, पण चांगलाच राहतो. दुसरा वाटा सडीचा, तो पावसाळी दमट हवेत वाढतो. तिसरा कोंबांचा, तो हवा थंडावली की. तुमचा गॅस सेन्सर यातली फक्त सड हुंगतो. कोंबांसाठी वेगळं तंत्र आहे. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचा ‘कृषक’ प्रकल्प 2002 पासून आहे, तिथे गॅमा किरणांची अगदी कमी मात्रा देऊन कोंब थांबवतात. पण त्याने सड थांबत नाही. म्हणजे ‘आम्ही नासाडी निम्मी करतो’ असं म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा: कुठली?

आता खरी मेख. सेन्सर लावायला हो कोण म्हणतो? जो आधीच नीट काम करतो तो. त्याने काढणीआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडलेलं असतं, निम्म्या माना (कांदा आणि पात जोडणारा भाग) पडेपर्यंत वाट पाहिलेली असते, शेतात आणि मग सावलीत कांदा सुकवलेला असतो, पात कापताना इंचभर मान ठेवलेली असते. शेजाऱ्याने अवकाळीच्या धास्तीने जाड, ओल्या मानेचा माल घाईने चाळीत लोटलेला असतो. सड बरीचशी मानेतूनच आत शिरते. या दोन चाळींची तुलना केली की सेन्सर जिंकणारच, त्याची बॅटरी काढून ठेवली तरी. असे देखणे अहवाल मी पुष्कळ पाहिलेत आणि त्यावर पैसे उभे राहतानाही पाहिलेत.

म्हणून तुलना करायची ती एकाच शेतकऱ्याच्या, एकाच वावरातल्या, एकाच दिवशी भरलेल्या मालाची; एकाच चाळीचे दोन कप्पे घ्या. भरताना आणि काढताना काट्याची पावती हवीच. पण वजनही पुरत नाही, कारण सडलेल्या कांद्याचं पाणी खाली गळून जातं आणि ती घट ‘सुकला’ या खात्यात जमा होते. यावर साधा उपाय आहे. जाळीच्या पिशव्यांत कांदे मोजून भरा, वजन करून चिठ्ठी बांधा आणि ढिगात तळाशी, मधे, वर अशा पुरून ठेवा. महिन्याला काढून नग मोजा. लगदा झालेला कांदा वजनातून निसटतो, नगातून निसटत नाही. हे काम घाण आहे, हाताचा वास साबणाने जात नाही, आणि ते इंटर्नवर ढकललं की आकडे घरी बसून भरलेले येतात.

चाळीत हवा खेळवायला लावतात त्या पंख्यांचंही तसंच. टायमरवर पंखा लावणं हा आळशी इलाज आहे. साठवणुकीला साधारण 65 ते 70 टक्के आर्द्रता चांगली. जुलैच्या रात्री बाहेरची हवा त्याहून कितीतरी दमट असते आणि पंखा तीच ढिगात कोंबतो. आतल्या-बाहेरच्या हवेचा दमटपणा तोलूनच पंखा चालला पाहिजे. शिवाय चाळीत कांद्याच्या पापुद्र्यांचा भुसा सेन्सरच्या जाळीवर बसतो, तो पुसायला कुणाला तरी जावं लागतं. ते ‘कुणीतरी’ पहिली दोन वर्षं तुम्हीच असणार.

एवढं घाबरवल्यावर सांगतो, घाबरू नका. कांद्यातलं काही येत नसेल तरी एका हंगामात येतं. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाचं साठवणुकीवरचं साहित्य आधी वाचा, त्यात बरंच काही पूर्वीच तपासून ठेवलेलं आहे. स्वतःचं काही काढायचं तर कृषी पदवीधरांसाठी केंद्र सरकारच्या अ‍ॅग्री-क्लिनिक योजनेचं 45 दिवसांचं प्रशिक्षण आहे, ठीक आहे, करून टाका. महागड्या ‘अ‍ॅग्रीटेक एआय’ प्रमाणपत्रांवर मात्र दमडी घालवू नका.

मेंटॉरबद्दल माझं मत कडू आहे. इन्क्युबेशन सेंटरातले, म्हणजे नव्या स्टार्टअपना हात देणाऱ्या केंद्रातले, सर ‘स्केल कसं करणार’ हे पहिल्याच भेटीत विचारतात. चाळीतल्या कप्प्याची रुंदी साधारण चार फुटांच्या पुढे का नेत नाहीत, हे त्यातल्या कितीजणांना सांगता येईल? (ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही म्हणून.) माझे गुरू म्हणजे निवडणीला येणाऱ्या मावशी. ढिगावर हात फिरवून ‘इथं उकरा’ म्हणतात आणि तिथे सड निघते. सेन्सर कुठे बसवायचा हे त्यांना विचारूनच मी आजही ठरवतो.

आणखी एक. अलार्म वाजला म्हणजे शेतकरी माल विकेल, असं समजू नका. जुलैत फोन केला की उत्तर येतं, ‘साहेब, सडतंय ते दिसतंय, पण भाव बघितला का?’ त्यात त्याची चूक नसते. चाळी भरलेल्या असताना ऑगस्ट 2023 मध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागलं. असा झटका कुठल्याच अ‍ॅपला आधी कळत नाही. त्यामुळे सूचना ‘विका’ अशी देऊ नये. ‘तिसऱ्या कप्प्याचा खालचा थर आठवडाभरात निवडून घ्या, आज निवडला तर एवढी मजुरी, थांबलात तर अंदाजे एवढा माल जाईल’ अशी द्या. एवढं सांगता आलं तर शेतकरी पुढच्या वर्षी स्वतःहून फोन करतो.

नोकरी शोधत असाल तर मुलाखती जानेवारी-फेब्रुवारीतच उरका. जूनमध्ये रुजू झालात तर चाळी आधीच भरलेल्या असतात, भरतानाचं वजन हुकतं आणि त्या वर्षीच्या तुमच्या आकड्यांना बूडच राहत नाही. मुलाखतीत तुम्हीही एक विचारून घ्या: चाळ भरतानाच्या काट्याच्या पावत्या दाखवाल का? टाळाटाळ झाली तर पगार कितीही असो, दुसरीकडे बघा.