थ्रीडीचं तिकीट काढताय? या चुका टाळा

मागच्या सुट्टीत भाच्याला थ्रीडी पिक्चर दाखवायला नेलं, उशिरा बुक केलं म्हणून पुढच्या रांगेत अगदी कडेची दोन सीट मिळाली. अर्धा पिक्चर अंधारात गेला आणि इंटरव्हलला भाचा म्हणतो, मामा, सगळं डबल दिसतंय. परत येताना इंदूरच्या छप्पन दुकान खाऊगल्लीत त्याची समजूत काढावी लागली, ते वेगळंच.

पहिली चूक सीटचीच. पोलराइज्ड थ्रीडीला, म्हणजे ज्यात दोन डोळ्यांची चित्रं प्रकाशाच्या कंपनाच्या पद्धतीवरून वेगळी होतात त्याला, सिल्व्हर स्क्रीन म्हणजे चंदेरी पडदा लागतो आणि तो कडेला बसलेल्यांना डल दिसतो, त्यात चष्मा निम्म्याहून जास्त उजेड खातो. टूडीसाठी पडद्यावर १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्याचा उजेड मोजायचं एकक) उजेड धरतात, थ्रीडीत तो बऱ्याचदा ४-५ वर येतो. म्हणून मधली सीट, मध्यापासून थोडं मागे, नाहीतर सरळ टूडी बघा. रात्रीचेच सीन जास्त असतील तर मी तर टूडीच घेतो.

दुसरं म्हणजे सगळे थ्रीडी सारखेच समजणं. रिअलडी नावाच्या पोलराइज्ड सिस्टिममध्ये एकच प्रोजेक्टर डाव्या-उजव्या डोळ्याची फ्रेम आळीपाळीने टाकतो, चष्मा सर्क्युलर (गोल फिरणाऱ्या पोलरायझेशनचा), मान थोडी कलली तरी चालतं. जुन्या डिजिटल आयमॅक्समध्ये दोन प्रोजेक्टर आणि लिनियर (सरळ रेषेतल्या पोलरायझेशनचा) चष्मा, तिथे बायकोच्या खांद्यावर डोकं टेकवलं की लगेच एकावर एक दोन चित्रं दिसायला लागतात. एकाचा चष्मा दुसरीकडे चालत नाही, घरी पडलेला घेऊन जाऊ नका. तिसरा प्रकार ॲक्टिव्ह शटर, त्यात चष्म्याच्या काचाच आळीपाळीने उघडझाप करतात; हा चष्मा जड असतो, आत बॅटरी असते. ती संपली की काचा उघडझाप करायच्या थांबतात आणि सगळं डबल दिसतं. तेव्हा डोळे चोळत बसू नका, लगेच बाहेर जाऊन बदलून आणा.

फोरडीएक्सची हलणारी खुर्ची आणि पाण्याचे फवारे म्हणजे थ्रीडी चांगला असं नाही हां, तो वेगळाच खर्च.

पिक्चर थ्रीडीतच शूट झालाय की टूडीत शूट करून नंतर थ्रीडीत कन्व्हर्ट केलाय तेही बघा. २००९ चा 'अवतार' थ्रीडी कॅमेऱ्यांनी शूट झाला होता, २०१० चा 'क्लॅश ऑफ द टायटन्स' घाईत कन्व्हर्ट केलेला, आणि फरक लोकांना दिसलाच.

नंबरचा चष्मा असेल तर थ्रीडीचा त्याच्यावरच चढवायचा, आपला काढून नाही. आणि खिशात सुती रुमाल ठेवा भिया, धुतलेल्या चष्म्यांवर पाण्याचे डाग असतातच.