कमी खर्चात इअरमफला वॉकी-टॉकी जोडायचा कसा

झाडाच्या फांद्या उतरवायचं काम चाललं होतं. वर चेनसॉ, खाली मी, कानावर गोंगाट अडवणारा इलेक्ट्रॉनिक इअरमफ आणि कमरेला वॉकी-टॉकी. वरचा माणूस काहीतरी बोलला की मी इअरमफचा एक कप उचलायचो आणि वॉकी-टॉकी कानाशी धरायचो. म्हणजे करवत चालू असतानाच कान उघडा. दुसऱ्या दिवशी जरा डोकं चालवलं आणि वॉकी-टॉकीसोबत आलेला इअरफोन कानात घालून त्यावर इअरमफ चढवला. मग सगळं स्वच्छ ऐकू येऊ लागलं, चेनसॉसुद्धा.

दोष इअरफोनच्या वायरीचा होता. इअरमफची सगळी करामत त्याच्या मऊ गादीत असते. ती कानाभोवती सलग टेकली तरच आवाज अडतो. गादीखालून बारीकशी वायर गेली तरी फट पडते आणि इंजिनाची घरघर त्या फटीतून आत शिरते. जाड काड्यांचा चष्मा हेच करतो. त्यामुळे या लेखातली पहिली अट अशी की गादीखालून काहीही आत न्यायचं नाही. आवाज आत न्यायचा तो कंपनीने ठेवलेल्या भोकातूनच.

हे भोक बहुतेक इलेक्ट्रॉनिक इअरमफला असतं. कपाच्या खालच्या कडेला ३.५ मिमीचा, जुन्या मोबाइलच्या हेडफोनसारखा जॅक. त्याला ऑक्स म्हणतात. हॉवर्ड लाइट इम्पॅक्ट स्पोर्ट, वॉकर्स रेझर अशा लोकप्रिय मॉडेलना तो आहे. अनेकांना तो गाणी ऐकण्यासाठी वाटतो आणि त्यावरचं रबरी टोपण कधी उघडलंच जात नाही.

आधी एक हिशेब करून टाका. ऐकणं स्वस्तात होतं, बोलणं महाग पडतं. इअरमफमधून वॉकी-टॉकी ऐकायचा असेल तर एक हँडमाइक (वायरीने सेटला जोडलेला, बटण दाबून बोलायचा माइक), एक केबल आणि एक छोटा अडॅप्टर पुरतो. तोंडासमोर दांडीचा माइक हवा असेल तर खर्च कितीतरी पटीने वाढतो आणि चुकीची वस्तू हातात पडण्याची शक्यताही. माझ्या अनुभवात दहातल्या नऊ कामांना पहिला मार्ग पुरतो.

इअरमफ खरा आहे ना, ते बघा

इलेक्ट्रॉनिक इअरमफमध्ये बाहेर माइक आणि आत छोटे स्पीकर असतात. हळू बोलणं वाढवून ऐकवायचं आणि ठरावीक पातळीच्या वरचा, साधारण ८२ ते ८५ डेसिबलच्या पुढचा आवाज दाबायचा, एवढं त्याचं इलेक्ट्रॉनिक काम. बाहेरचा गोंगाट अडवतात ते कप आणि गादी. म्हणून सैनिकी हेडसेटसारख्या दिसणाऱ्या, खेळासाठी विकल्या जाणाऱ्या स्वस्त नकलांपासून जपा. त्यात बटणं असतात, दांडीचा माइक असतो, पण आवाज किती अडवला जाईल याचा प्रमाणित आकडा नसतो. खोक्यावर एनआरआर किंवा एसएनआर हे रेटिंग दिसलं नाही तर ती वस्तू शोभेची समजा.

रेटिंगचा आकडाही डोळे झाकून घ्यायचा नाही. एनआरआर २२ म्हणजे गोंगाटातून सरळ २२ वजा, असं होत नाही. अमेरिकेतल्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेचा सावध हिशेब असा: आकड्यातून ७ वजा करा आणि उरलेल्याचं निम्मं धरा. २२ चे उरतात ७.५. म्हणजे १०० डेसिबलच्या यंत्राजवळ कानापर्यंत ९२ च्या आसपास पोचतातच. चेनसॉसारख्या कामाला मी कानात फोमचे बोळे घालतो आणि वरून इअरमफ चढवतो. दोन्ही मिळून संरक्षण दुप्पट होत नाही, ५ डेसिबलच्या आसपास वाढतं, पण ते पाचही मोलाचे.

वॉकी-टॉकीची पिन ओळखा

पैसे सगळ्यात जास्त इथे वाया जातात. बाओफेंग यूव्ही-५आर आणि तशा अनेक स्वस्त सेटना केनवूड पद्धतीची दोन पिनांची जागा असते, एक ३.५ मिमीची आणि दुसरी २.५ मिमीची. मोटोरोलाच्या काही सेटनाही दोन पिनाच असतात, पण त्यांची जोडणी वेगळी. काही सेटना एकच पिन, तीही कुठे २.५ तर कुठे ३.५ मिमी. ‘दोन पिनवाला द्या’ असं सांगून आणलेला माइक म्हणूनच घरी आल्यावर कधी बसत नाही, तर कधी बसतो पण चालत नाही. खरेदी करताना सेटचा पूर्ण मॉडेल क्रमांक सांगा, किंवा जॅकचा फोटो सोबत ठेवा.

काहीजण नुसती ऑक्स केबल थेट वॉकी-टॉकीच्या ३.५ मिमीच्या भोकात खुपसतात. केनवूड पद्धतीत ते करू नका. तिथे माइकची लाइन आणि बोलण्याच्या बटणाची जोडणी असते, ऐकण्याचा आवाज २.५ मिमीच्या टोकावर येतो. ऐकू तर काही येत नाहीच, वर भलत्याच तारा एकमेकींना टेकतात.

हँडमाइक हाच मधला दुवा

आपल्या सेटला बसेल असा हँडमाइक घ्या, पोलिसांच्या खांद्यावर असतो तसा. अट एकच, त्याच्या अंगावर किंवा खालच्या बाजूला इअरफोनचा जॅक हवा. ३.५ मिमीचा असला तर उत्तम, २.५ चा असला तर केबलही तशीच घ्यावी लागेल. या जॅकमध्ये प्लग गेला की हँडमाइकचा स्वतःचा स्पीकर बंद होतो आणि आवाज फक्त केबलमध्ये जातो. बोलायला त्याचंच बटण दाबायचं, त्याच्याच माइकमध्ये बोलायचं.

आता केबल. हँडमाइकपासून इअरमफपर्यंत ३.५ मिमीची दोन्हीकडे प्लग असलेली. लांब घेऊ नका. खांद्यापासून कानापर्यंत अर्धा मीटर पुष्कळ झाला, आणि गुंडाळी पडलेली असेल तर अजून बरं.

जोडलंत की बहुतेकदा आवाज एकाच कानात येतो. हेडसेट बिघडलेला नसतो. हँडमाइकचा जॅक एका वाहिनीचा, म्हणजे मोनो, आणि इअरमफ दोन कानांचा, म्हणजे स्टीरिओ. प्लगच्या टोकावरचा आवाज डाव्या कानाला मिळतो, प्लगची मधली कडी जमिनीच्या (ग्राउंड) तारेला टेकते आणि उजवा कान गप्प राहतो. याला एक बोटभर अडॅप्टर मिळतो: एका बाजूला मोनो प्लग, दुसऱ्या बाजूला स्टीरिओ जॅक. तो हँडमाइकच्या बाजूला लावा, म्हणजे दोन्ही कानांत सारखाच आवाज. काही लोक मुद्दाम एकाच कानात ठेवतात, आजूबाजूचं भान राहतं म्हणून. मला ते जमत नाही. त्या कानाचा आवाज मग नकळत वाढवत जातो.

आवाजाची पातळी

वॉकी-टॉकीचा आउटपुट त्याच्या स्पीकरसाठी असतो, साधारण अर्धा ते एक वॅट. इअरमफमधल्या चिमुकल्या स्पीकरला वॅटचा हजारावा भागही ऐकू येण्याइतका होतो. त्यामुळे व्हॉल्यूमचं बटण जरा फिरवलं की कानात किंचाळी, आणि कमी केलं की नुसती खरखर. शिवाय ८२ डेसिबलची ती लगाम बाहेरच्या माइकवरून येणाऱ्या आवाजाला असते; ऑक्समधून आलेला आवाज बऱ्याच मॉडेलमध्ये तिला चुकवून थेट कानात जातो. संरक्षणासाठी घातलेला हेडसेटच कान बिघडवू शकतो.

सोपा उपाय म्हणजे मध्ये फिरकी असलेली, व्हॉल्यूम कमीजास्त करता येणारी केबल. सोल्डरिंग येत असेल तर अजून स्वस्तात होतं: केबलमधल्या डाव्या आणि उजव्या, दोन्ही सिग्नल तारांत प्रत्येकी १०० ओहमचा रेझिस्टर ओळीने टाका. आतला स्पीकर ३२ ओहमच्या आसपासचा असेल तर व्होल्टेज चौथाईवर येतं. फरक पडलाच नाही, तर तुमच्या इअरमफमध्ये ऑक्सलाही अँप्लिफायर आहे. मग १०० च्या जागी १००० ओहम घाला आणि त्याच्या पुढे, इअरमफच्या बाजूला, सिग्नल व जमीन यांच्यात १०० ओहम जोडा. सांधे वेगवेगळ्या हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणाऱ्या) नळीत बंद करा. घामाने दोन तारा एकमेकींना टेकल्या की पुन्हा खोलावं लागतं.

पहिली चाचणी हेडसेट हातात धरून घ्यायची, कानावर नाही. व्हॉल्यूम शून्यापासून वर. अमेरिकेतली नायोश ही संस्था ८५ डेसिबल ८ तासांपर्यंत चालेल म्हणते, आणि दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी करते. ९४ ला तासभर, १०० ला १५ मिनिटं. त्यामुळे शब्द कळण्यापुरता व्हॉल्यूम ठेवायचा.

केबल कुठून न्यायची

हँडमाइक छातीच्या वर, कॉलरजवळ. केबल मानेच्या मागून किंवा शर्टाच्या आतून, बाहेर लोंबकळणारा भाग चार बोटांपेक्षा जास्त नको. फिरणारं यंत्र, करवत, पट्टा यांच्याजवळ लोंबणारी वायर ही वॉकी-टॉकी नसण्यापेक्षा वाईट. इअरमफच्या बाजूचा प्लग जोरात ओढला गेला तर सुटला पाहिजे, म्हणून तो चिकटपट्टीने बांधू नका. बांधायचा तो हँडमाइकच्या बाजूचा.

बटण दाबून बोलताना कानात गुरगुर आली तर ती अँटेनाची. सेटमधून निघणाऱ्या ४-५ वॅटच्या लहरी केबल पकडते. सेट कमरेच्या दुसऱ्या बाजूला न्या, केबल अँटेनापासून दूर ठेवा, आणि तरी नाही गेली तर उघडमीट होणारी फेराइटची क्लिप आणून केबलचे दोन-तीन वेढे तिच्यातून घ्या.

मग यंत्र चालू करून दोन्ही कप तळहातांनी डोक्याकडे दाबून बघा. दाबल्यावर गोंगाट ठळकपणे कमी झाला तर गादी नीट बसत नाही: केस, चष्मा, टोपीची कड किंवा कडक झालेली जुनी गादी. हेडसेटचं बटण बंद करूनही एकदा ऐका. काही मॉडेलमध्ये सेल संपला तरी ऑक्स चालतो, काहींत सगळंच गप्प होतं. आपलं कुठलं, हे कामाच्या आधी माहीत हवं.

दांडीचा माइक हवाच असेल तर

दोन्ही हात गुंतलेले असतील तर दांडीचा माइक, वेगळं पीटीटी, म्हणजे दाबून बोलायचं बटण, सगळं लागतं. इथे फसवणारी गोष्ट माइकच्या जातीची. स्वस्त वॉकी-टॉकीला इलेक्ट्रेट माइक लागतो, त्याला सेटच वीज पुरवतो. खरे सैनिकी हेडसेट बहुधा डायनॅमिक माइकचे, ज्यांचा सिग्नल फार क्षीण असतो. नेटो पद्धतीचा जाड ७.१ मिमीचा प्लग दोन्हींना सारखाच बसू शकतो. यू-९४ नावाच्या पीटीटीत तो घालता येतो, पण माइकची जात आणि पीटीटीची जात जुळली नाही तर समोरच्याला तुमचा आवाज विहिरीतून आल्यासारखा जातो. पीटीटी, हेडसेट आणि सेट तिन्ही एकमेकांशी जुळतात असं विक्रेता लिहून देत असेल तरच घ्या.

गळ्याला बांधायचा थ्रोट माइक हा कमी खर्चातला मधला मार्ग. तो घशाची कंपनं पकडतो, त्यामुळे यंत्राचा आवाज फारसा जात नाही. काहींचा इअरफोन काढता येतो आणि त्या जॅकमध्ये आपली ऑक्स केबल बसते. शब्द जरा घोगरे जातात, ‘स’ आणि ‘श’ ओळखू येत नाहीत. म्हणून आकडे आणि सूचना दोनदा सांगायच्या. आवाज आला की आपोआप चालू होणारी व्हॉक्स सोय मात्र बंदच ठेवा; यंत्राच्या घरघरीनेही ती चालू होते, आणि बोलायला लागलात तर पहिलं अक्षर खाते.

हँडमाइकवरच राहणार असाल तर यंत्राकडे पाठ करा, माइक ओठांपासून दोन बोटांवर धरा, बटण दाबून एक क्षण थांबा आणि नेहमीच्या आवाजात बोला. ओरडल्याने फक्त फाटका आवाज जातो.

एकदा आमच्या चॅनेलवर तब्बल वीस मिनिटं कुणाचं काहीच पोचत नव्हतं. माझा दोन पिनांचा प्लग अर्धवट निघाला होता, दोन पिनांचे बाहेरचे भाग एकमेकांना जोडले गेले होते आणि सेटला वाटत होतं की बटण दाबलेलं आहे. माझा श्वास आणि चपलांचा आवाज सगळ्यांना ऐकवून झाला. तेव्हापासून प्लग दाबून बसवतो, त्यावर रबरबँड घालतो, आणि सेटच्या मेनूतलं टीओटी ६० सेकंदांवर ठेवतो; तेवढा वेळ सलग प्रक्षेपण झालं की सेट स्वतःच थांबतो. कुठल्या चॅनेलवर परवान्याशिवाय बोलता येतं, हे आपापल्या ठिकाणच्या नियमांत बघून घ्या.

आणि सेल संपलेच, वायर तुटलीच, तर काय? आमचं ठरलेलं आहे: मूठ वर म्हणजे थांब, दोन्ही हात डोक्यावर म्हणजे यंत्र बंद करून खाली ये. यंत्र सुरू करण्याआधी दोघं एकदा बटण दाबून विचारतो, ऐकू येतंय का, आणि मग त्याच दोन खुणा एकमेकांना करून दाखवतो.