लघवी लाल झाली तर? आणि मूत्राशयाचं आतलं टेंपरेचर मोजतात ते कसं

परभणीत मे महिन्यात पारा ४२ च्या वर गेला की कुणाला पण उन्हाळी लागते, मग धने-जिऱ्याचं पाणी नाहीतर सब्जा. आमच्या मामांनी पण तेच केलं, पण त्यांना ना जळजळ ना दुखणं, नुसती लघवी लाल, दोन दिवसात साफ झाली म्हणून परत बिडी ओढत बसले. न दुखता रक्त जाणं ही उन्हाळी नाही बरं का, मूत्राशयात कॅन्सरची गाठ पण असू शकते. सरळ युरोलॉजिस्टकडं, म्हणजे लघवीच्या आजारांच्या डॉक्टरकडं जा, लघवीची तपासणी, कल्चर (इन्फेक्शनचे जंतू आहेत का), सायटॉलॉजी (लघवीत कॅन्सरच्या पेशी आहेत का), सोनोग्राफी, मग लघवीच्या वाटेनं मूत्राशयात घालायची दुर्बीण.

आता टेंपरेचरचं. काखेतल्या थर्मामीटरचा इथं काही उपयोग नाही. गाठीत रक्तवाहिन्या जास्त, पेशींचं काम पण जोरात, म्हणून ती जागा शेजारच्यापेक्षा जराशी गरम असू शकते. कॅनडाच्या डॉक्टर रे लॉसन यांनी १९५६ ला स्तनाच्या गाठीवरच्या कातडीत हे दाखवलं होतं. मूत्राशयात मात्र आतूनच मोजावं लागतं.

आधी कल्चर बघायचं, इन्फेक्शन असेल तर सगळंच गरम लागणार. खरी गोची सलाईनची आहे, दुर्बिणीच्या वेळी मूत्राशय सलाईननं फुगवतात आणि एसीखाली लटकलेली बाटली असली की आतली कातडी गारठते, आकडा पडतो, म्हणून सलाईन ३७ डिग्रीच्या आसपास आणून जरा थांबायचं. मग दुर्बिणीतून बारीक सेन्सर आत, आधी चांगल्या दिसणाऱ्या दोन-तीन जागा, मग शंकेची, परत चांगली, दर वेळी तेवढेच सेकंद टेकवायचा. दुर्बिणीचा उजेड पण जवळून तापवतो, तो एकाच जागी धरून ठेवायचा नाही. आकडा किती आला ते सोडा, दोन जागांमधला फरक बघायचा.

आणि फरक आला म्हणजे कॅन्सर असं पण नाही, नुकतंच मूत्राशयात बीसीजी (कॅन्सरवरचं औषध) दिलेलं असेल, कॅथेटर (लघवीची नळी) असेल तरी गरम लागतं. तुकडा कुठून घ्यायचा याला फार तर मदत होईल, निकाल बायोप्सीचाच. आपल्याकडं हे रोजच्या तपासणीत नाहीच, संशोधनातली गोष्ट आहे, त्यामुळं कुणी शिबिरात पोटावर मशीन फिरवून कॅन्सर सांगतो म्हणला तर पैसे खिशातच ठेवा.

दुर्बिणीला जाताना जुने रिपोर्ट सोबत न्या, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरला आधीच सांगा, मामा नेमकं तेच विसरले होते.