पहाटे फिरायला गेल्यावर कुत्रं अंगावर आलं तर

पहाटे साडेपाचला आमच्या कॅनॉलच्या रस्त्याला माणसांपेक्षा कुत्रीच जास्त भेटतात, आणि सगळीच काही गरीब नसतात. पहिली गोष्ट, पळू नका. पाय कितीही लटपटले तरी नाही, पळालात की ते मागे लागणारच आणि त्याच्यापुढे आपण काय पळणार! उभं राहायचं, हात अंगाशी, डोळ्यात डोळे घालून बघायचं नाही पण पाठही दाखवायची नाही, जरा तिरकं होऊन हळूहळू मागे सरकायचं. नुसतं भुंकणाऱ्याचं एवढं नाही, शेपूट ताठ, मानेवरचे केस उभे आणि गप्प टक लावून बघतंय ना, त्याला जपा. पिल्लंवाली कुत्री दिसली की सरळ रस्ता बदला.

मी छत्री नेते, उन्हाळ्यातसुद्धा. अंगावर आलं की फटकन समोर उघडायची, मारायची नाही, मध्ये धरायची. ग्रुपमधल्या बायका हसतात, हसू देत. पडलातच तर गुडघे पोटाशी घ्या, मान आणि कान हातांनी झाका.

आणि चावलं, अगदी दात लागून खरचटलं तरी, वाहत्या नळाखाली साबणाने 15 मिनिटं धुवायचं, घड्याळ बघून. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा, रक्त आलं असेल तर जखमेत सिरमही (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यावं लागतं, ते आठवणीने विचारा. दंडातली रेबीजची लस 0 (म्हणजे पहिल्या डोसचा दिवस), 3, 7, 14 आणि 28व्या दिवशी असते, पोटातली 14 इंजेक्शनं कधीच बंद झाली.